अकोल्याला सोबत कोण

"पाद्रीसाहेब, प्रभूनं बारा सोबती सोता निवडले. त्यातल्या एकानं त्याले विकून टाकलं. मंग प्रभूले मानसाची पारख नव्हती का?"

हा प्रश्न मी विचारला. भर उपासनेत, उभी राहून, आणि असा खणखणीत की छपरातली पालसुद्धा जागची हलली.

आता कोणी म्हणेल, एवढ्या पोरीला विचारायला सांगितलं कोणी? तर साहेबांनीच. आमचे पाद्रीसाहेब दर रविवारी उपदेश संपला की चष्मा काढून पुसतात आणि पुण्याच्या शास्त्रीबुवांकडून शिकलेल्या मराठीत म्हणतात, "प्रिय जनहो, कोणास काही विचारावयाचे आहे काय?" आणि दर रविवारी कोणास काही विचारावयाचे नसते. सगळे जण सतरंजीकडे पाहतात, साहेब चष्मा चढवतात, शेवटचं गीत होतं आणि आम्ही जेवायला घरी जातो. आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हापासून हे असंच बिनबोभाट चाललं होतं.

त्यात माती कालवली दुर्गानं आणि कौशीनं. म्हणजे पैज त्यांनी लावली. प्रश्न मात्र माझाच होता. गुरुवारी शाळेत त्या बारा जणांचा धडा झाला, आणि विहिरीवर पाणी पिताना तो माझ्या तोंडून सुटला.

दुर्गा म्हणजे चंद्रभान पाटलांची लेक. विलायतेच्याही पलीकडे कुठंतरी गोरे गोऱ्यांशीच लढून राहिले आहेत, तिकडचा कापूस अडकला आहे, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आहे. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या बंड्यांना, म्हणजे बैलगाड्यांना, उभं राहायला जागा नाही. चंद्रभान पाटलांनी आधी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. मग बसायच्या दमणीला रंगीत छत केलं, जुवावर चांदीचे पत्रे ठोकले. मग आणखी काय करावं ते सुचेना, म्हणून लेकीला शाळेत घातलं.

कौशी, म्हणजे कौशल्या, साहेबांच्या खानसाम्याची लेक. आमच्यासारखीच ख्रिस्ती. ती कोणाचीही नक्कल करते. साहेबांची चाल, त्यांच्या मडमबाईंची शिंक, घंटा वाजवणाऱ्या बुवांची जांभई. ती जवळ असली की माझं पोट दुखतं हसून हसून.

"भामे," दुर्गा म्हणाली (माझं नाव सत्यभामा, पण एवढं लांब नाव हाक मारायला कोणाला वेळ आहे?), "प्रश्न लय भारी हाये तुहा. पन विहिरीपाशीच इचारतं तू. उपासनेत इचारून दाखव."

"आन् साहेबानं अकोल्याचं नाव कापलं तर?"

हे अकोल्याचं प्रकरण म्हणजे माझा जीव की प्राण. मडमबाई अकोल्याला मुलींची नवी शाळा काढणार होत्या. लहान पोरींना अक्षरं शिकवायला त्यांना हाताखाली एक मोठी मुलगी हवी होती, दोन वर्षांसाठी. तिचं नाव साहेब याच रविवारी सांगणार होते. परगावी एकटी पोरगी राहणार नाही, म्हणून तिनं आपली एक सोबतीण निवडायची आणि दोघींनी एका खोलीत राहायचं, असंही ठरलं होतं. मला ती जागा इतकी हवी होती की अकोल्याच्या न पाहिलेल्या पोरींना मी मनातल्या मनात रागवायलाही लागले होते.

"नाव कापायले तू का एकटी असशीन?" कौशी म्हणाली. "तू उभी राह्यली का आमी दोघी तुह्या मांगं उभ्या. तिघीचा प्रश्न म्हनू. तिघीले कायले बोलते साहेब?"

"आन् मले काय भेटन?"

"अकोल्याले माह्या दमणीत बसून जाशीन," दुर्गा म्हणाली.

इथं मी फसले. अकोल्याला माझी गंगूमामी राहते. आम्ही बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती मायला म्हणाली होती, "आता तुमाले गाडीत कोन बसवते ते पाह्यतोच मी." मी डोळे मिटले तर मला मामीचं दारच दिसलं. दारात दमणी, चांदीच्या शेंब्या, आणि छताखालून उतरणारी मी. मामीच्या हातातलं सूप खाली पडतं, असंही दिसलं.

"पन सोबतीन मी," कौशी म्हणाली. "बोल."

मी पदर पुढं केला. आमच्या घरात सौदा असाच होतो. माझे बाबा, पुंजाराम, कापसाचे दलाल आहेत. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एकमेकांत द्यायचा, वर उपरणं टाकायचं, आणि खाली बोटं दाबून भाव बोलायचा. पाचही बोटं धरली की पाच, दोन धरली की दोन. बाजारात हजार माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो, आणि उपरण्याखाली ठरलं ते ठरलं. मोडायचं नाही. बाबा फार मोठे दलाल नाहीत. ख्रिस्ती झाल्यापासून ते खोटं बोलत नाहीत, आणि खोटं न बोलणारा दलाल म्हणजे पाण्याला भिणारा मासा. आख्खं वऱ्हाड श्रीमंत होऊन राहिलं आहे, आमच्या घरी तेवढी अजून ज्वारीची भाकर.

तर पदराखाली आम्ही तिघींनी हात दाबले. सौदा पक्का.

हे सगळं वच्छी पाहत होती. वच्छला मूळची तेल्हाऱ्याची. तिची आई मडमबाईंकडे दळण दळते. वच्छीची खोड अशी की तिला काही विचारलं की ती डोळे मिटते आणि उत्तर मुरत घालते, लोणच्यासारखं. सोमवारी विचारावं, बुधवारी चाखावं. दुसरी खोड झोपेची. उपदेशाला ती खांबाला टेकते आणि साहेब दुसऱ्या वाक्यावर यायच्या आत तिचा डोळा लागलेला असतो.

"वच्छे, इचारू का नोको?" मी म्हणाले.

तिनं डोळे मिटले. बादली वर येऊन लोंबकळत राहिली. "उद्या सांगीन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सांगितलं. "तुले उत्तर पाह्यजे असन तर इचार. दमणी पाह्यजे असन तर नोको इचारू."

मला रागच आला. "तुले कोनी दमणीत बसवत नाई, म्हनून म्हनतं तू."

पुन्हा डोळे मिटले. मी बरीच पुढं निघून गेले तेव्हा मागून आवाज आला, "हाव. तेबी असन."

आता अशा मुलीशी भांडायचं तरी कसं?

तर मी उभी राहिले आणि प्रश्न विचारला. साहेबांचा चष्मा हातातच राहिला. पुरुषांच्या बाजूला बाबांनी डोळे मिटले. प्रार्थनेसाठी की मला न ओळखण्यासाठी, ते प्रभूला ठाऊक. मायनं पदराचं टोक दातात धरलं.

"बालिके," साहेब म्हणाले, "हा प्रश्न तुझा एकटीचा आहे काय?"

"नाई साहेब! आमा तिघीचा," म्हणत मी ऐटीत मागं वळले.

दुर्गा एरवी रविवारी येत नाही, आज फक्त गंमत पाहायला आली होती. ती सतरंजीचा धागा न् धागा असा निरखत होती की जणू आता विकतच घेणार. आणि कौशीची जागा रिकामी. ती दाराबाहेर माठापाशी उभी राहून खोकत होती. खोकला तिचा नव्हताच, तिच्या आजीचा होता. कौशीला घरातल्या सगळ्यांचे खोकले येतात.

मी तशीच उभी. कान गरम, पाय गार. अकोल्याची शाळा, अकोल्याची खोली, मनातल्या मनात रागावून ठेवलेल्या त्या सगळ्या पोरी डोळ्यांसमोरून रांगेनं चालत्या झाल्या.

खांबापाशी वच्छीनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागच्या रिकाम्या जागेकडे. आणि काय सांगू, जन्मात पहिल्यांदा तिनं विचार केला नाही. उठली, येऊन माझ्या बाजूला उभी राहिली. गालावर खांबाचा ठसा उमटलेला, एक वेणी सुटलेली.

"साहेब, हा प्रश्न मलेबी पडला हाये."

"तुलाही? केव्हापासून?"

"गुरुवारपासून."

"मग काही उत्तर सापडले काय?"

वच्छीनं डोळे मिटले. साहेब थांबले. सगळी उपासना थांबली. कोणाचं तरी तान्हं पोर रडत होतं, तेही थांबलं.

"नाई साहेब," ती म्हणाली. "अजून पाहून राह्यली."

आधी पुरुषांकडून हसू फुटलं, मग बायकांकडून, आणि मग साहेबच हसले. त्यांचे दात आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. ते म्हणाले, लहानपणी आपण हाच प्रश्न आपल्या आजोबांस विचारला होता, तेव्हा आजोबांनी उपाशी निजवले. मग त्यांनी उत्तर दिलं. खूप मोठं दिलं. अर्धं मला कळलं नाही, आणि उरलेलं अर्धं, वच्छी उभ्या उभ्या पुन्हा पेंगायला लागली म्हणून, तिला धरून ठेवण्यात गेलं.

शेवटी ते म्हणाले, "जी विचारू शकते, ती शिकवू शकेल. अकोल्यास सत्यभामा जाईल. सोबतीण कोण, हे तिने उद्या सकाळी मला सांगावे. पारख कशी करतात, ते तिचे तिलाच समजो."

मी उडी मारली नाही. मनात मारली.

पण त्या रविवारची खरी गंमत अजून दारात व्हायची होती. साहेब आनंदात होते. एरवी ते सगळ्यांना नमस्कार करतात, पण बाबा समोर आले तशी त्यांनी आपल्या मुलखाच्या रीतीनं हात पुढं केला. "पुंजाराम, आपली कन्या द्याल ना अकोल्यास?"

बाबांनी हात हातात घेतला. आणि हात हातात आला की दलाल जे करतो तेच केलं. खांद्यावरचं उपरणं झटकन त्यावर टाकलं.

साहेब दचकले. त्यांना वाटलं, ही आमच्याकडची प्रेमाची काही रीत असेल. त्यांनी मान लववली. बाबांनी उपरण्याखाली दोन बोटं दाबली, म्हणजे दोन वर्षं. साहेबांनी प्रेमाचा जबाब प्रेमानं दिला. बाबांचा आख्खा पंजा धरला आणि वरखाली हलवला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा.

बाबांचा चेहरा कापसासारखा पांढरा झाला. त्यांनी हात सोडवून घेतला, उपरणं घेतलं आणि मागं न पाहता घर गाठलं.

"वीस!" घरी येऊन ते खाली बसले. "पाच, पाच, पाच, पाच. मी दोन म्हनलं, तो वीस म्हनते! बाजारात एवढे मारवाडी पाह्यले, दोनावरून विसावर गेलेला मानूस नाई पाह्यला."

"वीस काय?" माय म्हणाली.

"वर्षं! पोट्टी वीस वर्षासाठी मांगून राह्यला तो!"

मायनं हातातली पळी चुलीवर आपटली. "वीस वर्षानं ही म्हातारी होईन! आन् तुमी उपरनं टाकलं? पोट्टीचा सौदा करून आले देवाच्या दारात?"

"सौदा कुठी झाला? मी हात काढून घेतला नं!"

"उपरनं टाकलं कावून पन?"

"त्यानं हात देला कावून?"

हे असं चाललं असतानाच कौशी आली. काखेत कपड्यांचं बोचकं. अजून माझ्याकडून एक शब्द गेला नव्हता आणि बाईसाहेब सामान बांधून तयार. दारातूनच म्हणाली, "भामे, खिडकीकडची जागा माही, सांगून ठेवतो."

मग बाबांची हकिगत ऐकली आणि ती जमिनीवर लोळूनच हसली. "काकाजी, साहेब सगळ्यायचा हात असाच हलवते! टपालवाल्याचाबी हलवला, तोफखान्यातल्या गोऱ्याचाबी हलवला." ती उठली, साहेबांसारखी पाठ ताठ केली, मायचा हात धरून वरखाली केला. मायसुद्धा हसली.

बाबांना पटेना. "भाव न बोलता हात हलवते? मंग हलवते कायले?"

अशी ही कौशी. रागवावं म्हटलं तर राग टिकतच नाही. तरी मी ओढून ताणून रागावले. "उपासनेत कुठी होती तू?"

"खोकला आला नं!"

"आजीचा?"

"घरचाच हाये," कौशी म्हणाली. "आन् आयक, दुर्गी म्हनते, दमणी परवा दारात उभी राहीन. पन तू न् मी असलो तर. त्या झोपाळीले बसवत नाई म्हनते. ती छताले टेकून रंग खराब करीन."

उठले आणि तडक वच्छीकडे गेले.

वच्छी पीठ चाळत बसली होती. पापण्यांवर पीठ, केसांवर पीठ. मला पाहून म्हणाली, "भेटलं."

"काय?"

"उत्तर." आणि चाळता चाळता सांगायला लागली. "प्रभूले पारख होती. तो विकनारा मानूस कसा हाये ते त्याले ठाऊक होतं. ठाऊक असून संग जेवू घातलं. त्याचे पायबी धुतले."

"मंग आपनबी कोनालेबी संग घ्यावं?"

"आपन का प्रभू हाओ?" वच्छी म्हणाली. "त्याच्या संगतीनं लोकं बदलत. आपन लोकायच्या संगतीनं बदलतो. तू कौशीसंग दोन रोज राह्यली का तिच्यासारखी नाकात बोलतं. गोड सगळ्यायशी बोलावं, पंगतीले सगळ्यायले बसवावं. पन रोजची सोबत पाहून धरावी." तिनं चाळणी हलवायची थांबवली. "आन् प्रभूनंबी पाह्य. जेवायले बारा जन. पन ज्या राती त्याले धरायले शिपाई येनार होते न् त्याचा जीव घाबरला, त्या राती जवळ तिघालेच नेलं."

"आन् ते तिघं झोपून गेले!" मी म्हणाले. धडा मलाही पाठ होता.

"हाव," वच्छी म्हणाली. "मले त्यायचं लय बरं वाटते."

मला हसू आलं. मग हसू थांबलं, आणि ज्यासाठी आले होते ते मी बोलले. "वच्छे, तू येतं का अकोल्याले? माह्यासंग?"

तिनं डोळे मिटले. पापण्यांवरचं पीठ खाली पडलं. तिचे हात चाळणीवर घट्ट झाले, ते मला दिसलं. तेल्हारा सोडल्यापासून वच्छीनं जातं आणि शाळा याशिवाय काही पाहिलेलं नाही.

"तू कौशीले जबान देली नं?" ती म्हणाली.

"देली. पदराखाली."

"मंग कौशीले ने."

"पन वच्छे—"

"देलेली जबान मोडली तर पोरीयले कोनत्या तोंडानं शिकवशीन?" असं म्हणून ती पुन्हा चाळायला लागली. पण पीठ परातीत पडायचं सोडून बाहेरच पडत होतं, आणि ते तिला कळत नव्हतं.

मी घरी आले ती पाय आपटतच. शहाणी मैत्रीण म्हणजे केवढा ताप! मूर्ख मैत्रीण असती तर म्हणाली असती, मोड जबान, चल जाऊ. आता ही म्हणते मोडू नको, आणि जी मोडू नको म्हणते तीच मला हवी, आणि ती हवी तर मोडावी लागते. डोक्यात नुसता पिंजलेला कापूस झाला.

"बाबा," मी म्हणाले, "उपरण्याखालचा सौदा मोडता येते का?"

बाबांना वाटलं मी वीस वर्षांचंच बोलते आहे. "मी हात काढून घेतला म्हनलं नं!"

मग मी सगळं सांगितलं. विहीर, पैज, दमणी, मामीचं सूप. कौशी तिथंच होती, मायनं तिला भाकर वाढली होती. बाबांनी मांडी घातली. बाजारात तंटा झाला की ते असेच बसतात.

"सौदा काय ठरला होता? शब्दाले शब्द सांग. तू बोल, कौशल्या."

कौशीनं घास गिळला. "का भामीनं इचारायचं. आमी मांगं उभ्या राह्यच्या. मंग दमणी दुर्गीची, आन् सोबतीन मी."

"हिनं इचारलं?"

"सगळ्या अमरावतीनं आयकलं, काकाजी."

"तुमी उभ्या राह्यल्या?"

"मी उभीच होती!" कौशी म्हणाली. "म्हंजे... भाईर."

बाबा म्हणाले, "पाह्य पोरी. बाजारात शेतकरी मूठभर कापूस दाखवते. नमुना. त्या नमुन्यावर भाव होते, उपरनं पडते. मंग बंडी सोडली आन् आत दुसराच माल निघाला, तर घेनारा उठून जाते. त्याले कोनी जबान मोडली म्हनत नाई. सौदा त्यानं नाई मोडला. सौदा झालाच नाई."

कौशीनं हातातली भाकर खाली ठेवली. मग तिनं पाठ वाकवली, नसलेल्या मिशीवरून हात फिरवला आणि हुबेहूब बाबांच्या आवाजात म्हणाली, "नमुना एक, माल दुसरा!" पण शेवटचा शब्द तिच्या स्वतःच्याच आवाजात निघाला, आणि जरा भिजलेला.

"खरं सांगू का भामे? मी भेली. माह्या बापाची चाकरी साहेबाच्या चुलीवर. साहेब रागावला असता तं आमी कुठी जातो?"

हे तिनं विहिरीवरच सांगितलं असतं तर! मी तिला उभं राहू दिलंच नसतं. मी तिच्या ताटात आणखी अर्धी भाकर टाकली. ती तिनं खाल्ली, म्हणजे जिवाला धोका नव्हता.

"आता कोनाले न्यायचं?" मायनं बाबांना विचारलं.

"मले कायले इचारतं? मी दलाल. घेनारी ती."

माय, बाबा आणि कौशी तिघंही माझ्याकडे पाहायला लागले. मी उपासनेत उभी राहिले होते तशीच उभी राहिले. फरक एवढाच की या वेळी पाय गार नव्हते.

"माय, बाबा, आयका," मी म्हणाले. "मी अकोल्याले जातो, दोन वर्षं, वीस नाई. आन् संग वच्छीले नेतो. दुर्गीची दमणी नोको. कापूस टाकून तेल्हाऱ्याकडं रिकामी बंडी जाते, तिच्यात बसून जाऊ, डोक्यात कापूस घेऊन. तरी मामीच्या दारावरूनच जाऊ. कौशी, तू सुटीत ये, हसवायले, खिडकीकडची जागा दोन रोज तुही. बाबा, उद्या साहेबानं हात देला तर उपरनं टाकू नोका. आन् माय, एक जुनी उशी काढून ठेव, अकोल्याच्या उपासनेत वच्छीले टेकायले खांब असन का नसन. मी आत्ताच तिले पुन्हा इचारायले चालली. आत्ता इचारलं, तं सकाळपर्यंत हो म्हनन."